गेल्या पावसाळ्याचं पेट्रोल

घरघर थांबली हे शलाकाला आधी कळलं आणि लाइट गेली हे नंतर. ती भेंडी पुसत होती. डोक्यावरचा पंखा अजून आपल्या जुन्या वेगात फिरतच होता, पण आतल्या खोलीतली ती घरघर, दोन वर्षं या घराच्या पाठीमागे सतत चालू असलेली, ती नव्हती. आणि ती नसल्यामुळे घर एकाएकी मोठं झाल्यासारखं वाटलं. मग ऑक्सिजनच्या मशीननं लांब, एकसुरी शिट्टी सुरू केली. शलाकानं ओले हात गाऊनला पुसले आणि ती आत गेली. मोतीबाई, तिची सासू, खाटेवर बसूनच होती, मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर कोपर टेकून. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे. नाकातली नळी दोन बोटांनी धरून ती मशीनकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती. एखादं जनावर नेहमीच्या वेळी नेहमीचा हट्ट करून बसावं आणि आपण त्याच्याकडे बघावं, तसं ती बघत होती.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली. थांबा, सिलिंडरला लावते."

शलाकानं मशीनची नळी काढून कोपऱ्यातल्या सिलिंडरला जोडली, चावी फिरवली. काटा हलला आणि लाल पट्ट्याच्या जरासा वर येऊन थबकला. काल लाइट गेली तेव्हा आत्ता येईल म्हणत सिलिंडरवरच काढलं होतं, त्यात बराचसा ऑक्सिजन खर्च झाला होता. भरलेला सिलिंडर उल्हासनगरहून यायचा होता. सकाळी फोन केला तर माणूस म्हणाला होता, विठ्ठलवाडीची डिलिव्हरी करून मग अंबरनाथ, मग बदलापूर, संध्याकाळपर्यंत पोचतो. आता जेमतेम दुपार कलत होती. बाहेर पाऊस नव्हता, नुसतं आभाळ दाबून बसलेलं. सकाळच्या वाऱ्यानं कात्रपच्या वळणावर झाड तारांवर पडलंय, असं सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं. त्याच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

"जनरेटर चालू करून येते," ती म्हणाली.

"जा," मोतीबाई म्हणाली. आणि मग, श्वास घेऊन, "घाई नको करू."

जनरेटर मागच्या दारी होता, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या बोळात, सिमेंटच्या ओट्यावर, निळ्या प्लास्टिकखाली. मोतीबाईला मशीन लागलं त्याच वर्षी हरेशनं तो आणला. हरेश, शलाकाचा नवरा, महाडच्या एका केमिकल कंपनीत होता, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा, आणि घरात आपण नसू त्या वेळी आपल्या जागी काहीतरी ठेवून जायची त्याची पद्धत होती. पावसाळ्यात इथली लाइट तासन् तास जायची. जून ते सप्टेंबर जनरेटर, बाकीचे आठ महिने तो नुसता ओटा अडवून. प्लास्टिक काढताना त्याच्या घडीत साठलेलं पाणी शलाकाच्या पायावर सांडलं. तिनं पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला, ओट्यावर पाय दाबून दोरी खेचली. इंजिन एकदा कण्हलं. परत खेचली. परत तेच. गेल्या वर्षी तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला ते खोकत खोकत चालू व्हायचं, धुराचा एक भपका सोडायचं, आणि मग तिला उगाच त्याचं कौतुक वाटायचं. आज खोकलासुद्धा नाही. दोरी बाहेर येत होती, सरसरत परत आत जात होती. ती खेचत राहिली, आणि खेचता खेचता तिला तो उग्र वास आला, आंबूस, जुन्या व्हार्निशच्या डब्यासारखा. पेट्रोलला असा वास येत नाही.

फोन पहिल्या रिंगला उचलला गेला.

"कॉक ऑन आहे?" हरेशनं विचारलं.

"आहे."

"चोक?"

"दिलाय. वेगळाच वास येतोय, हरेश."

"गेल्या वर्षीचंच पेट्रोल आहे ना ते? पण तू ते स्टॅबिलायझर टाकलं होतंस ना?"

"टाकलं होतं."

"मग खराब कसं होईल?" त्याच्या आवाजात आरोप नव्हता, नुसतं न सुटणारं गणित होतं, आणि तिला तेच जास्त टोचलं. "बघ, कार्बोरेटरच्या खाली एक स्क्रू असेल. तो ढिला कर, आतलं पेट्रोल काचेच्या भांड्यात घे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पडून राहिलं की..." मग आवाज तुटला. परत लावला तर रेंज नव्हती. तिनं ॲम्ब्युलन्सला लावला, तो लागला. तिकडचा पोरगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, गाडी वेस्टला आहे, पुलावर फुल जाम आहे, निघतो पण टाइम नाही सांगू शकत. पेशंट शुद्धीवर आहे ना?" शुद्धीवर आहे, ती म्हणाली, आणि हे आपण तक्रारीसारखं म्हटलं की काय असं तिला वाटून गेलं.

स्टॅबिलायझर, पेट्रोल टिकवायचं ते औषध, तिनं खरंच टाकलं होतं. दिवाळीच्या आधी, उल्हासनगरला कॅम्पातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून लहानशी बाटली आणली होती. हरेशनं पाठवलेल्या व्हिडिओतलीच. दुकानदारानं बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं होतं, "दीदी, टंकी में डालो और थोडी देर इंजन चलाओ. नीचे तक जाना चाहिए, समझा? सिर्फ ऊपर डालके छोडना नहीं." तिला समजलं होतं. घरी येऊन तिनं टाकीत औषध ओतलं, ढवळायला काही नाही म्हणून जनरेटरच दोन्ही हातांनी हलवला, आणि चालू केला. तोच वरच्या मजल्यावरच्या सुदामकाकांनी खिडकीतून सांगितलं, "वहिनी, लाइट आहे की. नात आत्ताच झोपलीय आमची." तिनं लगेच बंद केला. नंतर कधीतरी चालवू, असं म्हणाली. मग मोतीबाईला न्यूमोनिया झाला, मग राजसीची, शलाकाच्या मुलीची, बारावी सुरू झाली, आणि ते 'नंतर' त्या ओट्यावरच राहिलं, निळ्या प्लास्टिकखाली. वरचं पेट्रोल औषध पिऊन निवांत राहिलं असेल. खाली, कार्बोरेटरच्या छोट्या वाटीत, जिथून इंजिन खरोखर पितं, तिथे औषध पोचलंच नसेल.

ती आत डोकावून आली. मोतीबाईनं डोळे मिटले होते, ओठ आत ओढून हळूहळू श्वास सोडत होती, डॉक्टरांनी शिकवला होता तसा. काटा लाल पट्ट्याला टेकला होता. शलाका परत बोळात गेली आणि पुन्हा दोरी खेचायला लागली. स्क्रूचं तिच्या लक्षात होतं. पान्हा आणायला हवा, भांडं आणायला हवं, हेही कळत होतं. पण हात दोरीला चिकटल्यासारखे झाले होते. खेच, सोड. खेच, सोड. वर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. पाठीवरून घामाचा ओघळ उतरला. आणि मग, कसं ते तिला नंतरही सांगता आलं नाही, हात थांबले. मूठ दोरीवरच होती, दोरी अर्धी बाहेर आलेली, ओट्यावर पाय तसाच दाबलेला, आणि ती नुसती उभी होती. दम लागला म्हणून थांबतो तसं ते थांबणं नव्हतं. दम लागला होता, पण तो बाजूला होता, दुसऱ्याच कुणाचा तरी. तिच्या आत एकदम गार, सपाट काहीतरी पसरलं. फरशी पुसून झाल्यावर पंखा लावावा आणि ओल हळूहळू सुकताना बघत बसावं, तसं. घरघर नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं घर ऐकू येत होतं, नळाचा थेंब, कुणाच्या तरी चपला, लांबून येणारी रिक्षा. ही आतली खोली मूळची राजसीची. टेबल खिडकीशी लावता येईल, म्हणजे उजेड डावीकडून येईल. खाट पूर्वेच्या भिंतीला. पडदे धुवायला काढावे लागतील, त्यांना औषधांचा वास बसलाय. मशीन परत द्यायचं. एक रात्र सलग झोपायचं, कूस न बदलता, कान उघडा न ठेवता. राजसीला घेऊन कुठेतरी जायचं, कुठेही, बारवीच्या धरणाकडे चालेल. पण नाही, तिकडे मोतीबाईचं माहेर, तिकडे नको.

माहेरचं गाव आता पाण्याखाली होतं. मोतीबाई तिथल्या गोष्टी सांगायची त्या कायम चुलीपाशी घडायच्या. भाताचं तूस जाळून पेटवलेल्या चुलीचा धूर, डोळे चोळत बसलेल्या बायका, आणि त्या धुरानंच पुढे तिची छाती खाल्ली, असं डॉक्टर म्हणाले होते. लग्न होऊन शलाका साताऱ्याकडून या घरात आली तेव्हा मोतीबाईनं पहिली कित्येक वर्षं तिला नावानं हाक मारली नाही. 'कोन हाय तिकडं?' असं विचारायची, आणि तिकडं शलाकाशिवाय कुणीच नसायचं. राजसीच्या वेळी बाळंतपणात ताप चढला तेव्हा हीच बाई तिच्या उशाशी बसून होती, कपाळावरची पट्टी बदलत, शिव्या घालत. तापाला की तिला ते शलाकाला कळलं नव्हतं. दोघी एकमेकींना आवडल्या असं कधी झालं नाही. सवय झाली. आणि ती सवय गेल्या दोन वर्षांत इतकी अंगावर आली की मोतीबाईची पाठ, मोतीबाईची नखं, मोतीबाईच्या रात्री, हे सगळं शलाकाला स्वतःच्या शरीराहून जास्त ठाऊक झालं. कधी कधी आंघोळ घालताना आपण कुणाचा हात चोळतोय, आपला की तिचा, हे क्षणभर उमजायचं नाही. त्या क्षणाची तिला भीती वाटायची.

खाट पूर्वेच्या भिंतीला, हे ठरलं होतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती ऐकतेय. मान जराशी दाराकडे वळवून, श्वास धरून, आतून काही येतंय का, की आता यायचं थांबलंय, हे ती ऐकतेय. किती वेळ? कपाळावरचा घाम सुकला होता. हातातली दोरी तिला एकदम दिसली, तिच्यावरचे काळे डाग, आपली पांढरी पडलेली बोटं. तिनं दोरी सोडली. ती सटकन आत गेली, फटकाऱ्यासारखा आवाज झाला, आणि त्या आवाजानं ती इतकी दचकली की भिंतीला हात टेकावा लागला.

मग ती धावली. माळ्यावरची पान्ह्यांची पेटी, सिंकवरची लोणच्याची रिकामी बरणी. आत मोतीबाई तशीच बसलेली, पण ओठांच्या कडा करड्या दिसत होत्या, आणि बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघायचा धीर शलाकाला झाला नाही. बोळात येऊन ती गुडघ्यावर बसली, खालचा स्क्रू शोधला, पान्हा दोनदा सटकला, अंगठ्याची साल निघाली, आणि तिसऱ्यांदा तो फिरला. बरणीत थेंब थेंब पडायला लागलं, मग धार. तिनं बरणी उजेडात धरली. वर फिकट पिवळा थर, आणि खाली, त्याच्यापासून अगदी वेगळं, किंचित दुधी, जड काहीतरी. मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा. बरणी हलवली की दोन्ही जरा मिसळल्यासारखे व्हायचे आणि परत आपापल्या जागी जायचे. तर इंजिन हे पीत होतं. पाणी पीत होतं आणि तिच्या हिसक्यांना कण्हत होतं. ते कण्हण्यातून तेच सांगत होतं आणि तिला ऐकू आलं नव्हतं. तिनं टाकीची नळी ओढून काढली आणि बरणीतलं धरून सगळं जुनं पेट्रोल कपडे भिजवायच्या बादलीत सोडून कॉक बंद केला.

नवं पेट्रोल पुढच्या दारी होतं, तिच्या स्कूटरच्या टाकीत. परवाच भरलं होतं. काढायचं कशानं? पाइप मोरीत होता, जाड, तो टाकीच्या तोंडात जाईना. मग ती आत गेली आणि मोतीबाईच्या औषधांच्या खणातून नाकाच्या नळीचं नवं पाकीट काढलं. मोतीबाईनं डोळे उघडले. दोघींची नजर त्या पाकिटावर आणि मग एकमेकींवर गेली. मोतीबाईला बोलायला श्वास नव्हता. शलाकानं दारात उभं राहून कात्रीनं नाकात घालायचा भाग कापून टाकला, सीट उचलून नळी टाकीत सोडली आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. नळी बारीक होती, पेट्रोल वर यायला वेळ घेत होतं. ती ओढत राहिली, गाल दुखेपर्यंत, डोळ्यांपुढे ठिपके येईपर्यंत, आणि ओढता ओढता तिला वाटलं, तर आईंचं असं असतं. असं एवढ्याशा नळीतून, सगळा जोर लावून, थोडंसं. दोन वर्षं. मग तोंडात एकदम आग पसरली. ती थुंकली, नळी बरणीत घातली. पेट्रोल यायला लागलं, पातळ, स्वच्छ, आपलं आपण.

ती बरणी घेऊन बोळात आली तोवर वरून सुदामकाका उतरून आले होते, बनियनवर, हातात मोबाइल. "वहिनी, काय झालं? आवाज थांबला म्हणून आलो."

"ओता हे. सांडू नका."

त्यांनी बरणी मोठ्या काळजीनं टाकीत रिकामी केली. तिनं टाकीची नळी परत बसवली, स्क्रू घट्ट केला, कॉक उघडला, आत पेट्रोल उतरायला जरा वेळ दिला. काका पुढे झाले, "द्या, मी ओढतो," पण तिनं मान हलवली. दोरी तिलाच ओढायची होती. पहिल्या हिसक्याला काही नाही. दुसऱ्याला इंजिन खोकलं. पुन्हा काही नाही. मग एक ठसका, एक लांब घरघराट, बंद पडेल पडेल असा, ती चोक अर्ध्यावर धरून उभी राहिली, त्याच्याशी कुजबुजत, काय कुजबुजत होती देव जाणे, आणि ते लागलं. काळा धूर भिंतीवर आदळला. काका काहीतरी बोलत होते, ऐकू येत नव्हतं. तिनं वायर जोडली आणि आत पळाली. मशीनवर हिरवा दिवा आला, घरघर सुरू झाली, तिनं नळी बदलली. सिलिंडरचा काटा तळाशी पडलेला होता. कधीपासून, ते कुणालाच माहीत नव्हतं.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा आकडा वर चढला होता. पोरांनी तपासलं, न्यायची गरज नाही म्हणाले, एकानं पाणी मागून प्यायलं. काही वेळानं उल्हासनगरचा सिलिंडर आला. राजसी क्लासहून आली, आजीच्या पायाशी बसून तिनं बिस्किटं खाल्ली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. हरेशचा फोन आला, शलाकानं त्याला बरणीतले दोन थर सांगितले, तो म्हणाला, "मी म्हटलं ना, पाणी ओढून घेतं," आणि मग जरा थांबून, "तू बरी आहेस ना?" ती हो म्हणाली. तिन्हीसांजेला लाइट आली. तिनं मागे जाऊन जनरेटर बंद केला. भेंडी तशीच ताटात पडून होती.

मोतीबाईच्या खोलीत दिवा लावला तेव्हा म्हातारी जागी होती.

"आता चालला, तो मशीन?" तिनं विचारलं.

"चालला. पेट्रोल खराब झालं होतं."

"हां." तिनं नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाली, "मदी थांबली व्हतीस."

शलाका उशी सारखी करत होती. तिनं ती सारखी करून पूर्ण केली. "हो."

"हात भरून आला असंल."

वाक्य तिथे मांडून ठेवलेलं होतं, तयार, कुणी पाहुण्याला पाट मांडावा तसं. त्याच्यावर नुसतं बसायचं होतं. हो म्हटलं असतं तर ही गोष्ट या खोलीतून कायमची बाहेर गेली असती. शलाकाच्या तोंडात अजून पेट्रोलची चव होती.

"नाही, आई," ती म्हणाली. "हात भरून नव्हता आला."

मोतीबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती, आणि ती पूर्वेची भिंत होती हे शलाकाला जाणवलं. मशीन चालू होतं. बाहेर राजसी कसलंसं सूत्र मोठ्यानं घोकत होती.

"मना ठाव हाय," मोतीबाई म्हणाली. "मी पन ऐकत व्हते." श्वास. "दोरीचा आवाज गेला, तवा मी मनाला बोल्ले, आता उगी रा. झाला सगला. बरा वाटला." ती थांबली, ओठ आत घेऊन हवा हळूच सोडली. "मंग तुझा परत चालू झाला. मना राग आला तुझा."

"अजून आहे?"

मोतीबाईनं विचार केला. खरंच केला; कपाळावर बारीक आठी आली. "हाय थोरा," ती म्हणाली.

शलाका खाटेच्या कडेला बसली. खांदे आता कुठे दुखायला लागले होते, उजवा जास्त. तिला काहीतरी म्हणायचं होतं पण जे म्हणायचं होतं त्याच्यासाठी या घरात कधी शब्द वापरले गेले नव्हते, ना तिच्याकडून ना म्हातारीकडून. मोतीबाईनं उशी छातीशी धरली, आणि हळूहळू, एकेक हिसका घेत, भिंतीकडे सरकली. तेवढ्यानं तिला दम लागला. खाटेवर वीतभर जागा झाली.

"शलाका," ती म्हणाली. "जरा आडवी हो."

ती आडवी झाली. सासूच्या खाटेवर ती कधी पाठ टेकून झोपली नव्हती. मोतीबाई बसलेलीच होती, तिची मांडी शलाकाच्या डोक्याला लागत होती, हाडकुळी, गरम.

"तोंडाला वास येतो तुझ्या," मोतीबाई म्हणाली.

"पेट्रोलचा. चूळ भरते, उठते."

"ऱ्हाव दे," म्हातारी म्हणाली, आणि तिचा हात शलाकाच्या दुखऱ्या खांद्यावर येऊन जड पडून राहिला.